शनिवारची तिकीट-कार्यशाळा: बादल्या कोण आणतंय?

मीनल:
नमस्कार मंडळी,
शनिवार, सकाळी दहा, इथे अक्रामधला (घाना) आपल्या मंडळाचा नेहमीचा हॉल. बापटकाकांनी जमवलेल्या तिकिटांचा खोका एकदाचा माझ्याकडे पोचला. तो इतके दिवस कुणाच्या गॅरेजमध्ये होता यावर कृपया आता चर्चा नको. उघडून पाहिला तर सुटी तिकिटं थोडी, पोस्टकार्डं आणि पाकिटंच जास्त. म्हणून बेत असा: कोमट पाण्यात कार्डं-पाकिटं टाकायची, मुलांनी तिकिटं सोडवायची, टिपकागदावर वाळवायची, वहीत लावायची. उरलेल्या कार्डांवरची चित्रं कापून कोलाज. मार्केट, किल्ले, होड्या अशी बरीच रंगीत चित्रं आहेत, छान होईल. ज्यांना तिकीटच नाही ती जुनी कार्डं मी वेगळी काढलीत, ती गोंद पसरायला चालतील.
हवं आहे: चार बादल्या, टिपकागद, जुने टॉवेल, कात्र्या. कोण काय आणतंय ते लगेच कळवा.

अरुणकाका (तेमा):
मीनल, बादली नको. कात्री तर अजिबात नको. आणि ती वेगळी काढलेली कार्डं आजच्या आज परत खोक्यात ठेव.
कार्ड म्हणजे चित्र, तिकीट आणि टपालाचा शिक्का या तिघांचा एकत्र ऐवज असतो. तिकीट सोडवलंस की तिन्ही गेलं. पाचव्या जॉर्जच्या डोक्याशेजारी ख्रिश्चनबोर्ग किल्ला असलेली १९२८ ची पेनीची तिकिटं कुठल्याही व्यापाऱ्याच्या डब्यात मूठभर मिळतील. तेच तिकीट इथल्या सेकोंडी बंदराच्या कार्डावर, सेकोंडीच्याच शिक्क्यासह असेल तर पाहणाऱ्याला कळतं की हे कार्ड कुठून निघालं, कधी, आणि किती पैशांत. सेकोंडीहून रेल्वे १९०१ मध्ये तारक्वाला आणि १९०३ मध्ये कुमासीला पोचली. त्या काळातल्या कार्डांवर आगगाडी, खाणी, बंदर दिसतं. बापटने ती मुद्दाम जमवली होती. आर्ट्स सेंटरच्या बाजारात, मागच्या बाजूला तासन् तास घासाघीस करून. मी सोबत असायचो, मला माहीत आहे.
कार्डांच्या पाठीकडेही बघ. पूर्वी पत्त्याच्या बाजूला फक्त पत्ता लिहायचा, मजकूर चित्राच्या कडेला कोंबायचा. ब्रिटनमध्ये १९०२ पासून पाठीवर मधोमध रेघ आली, डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पत्ता. नुसत्या पाठीवरून कार्डाचा काळ ढोबळमानाने सांगता येतो. चित्रं कापून हे कसं सांगणार?
– अरुण

शिरीष:
पाण्याबद्दल एक मुद्दा. गरम घेऊ नका, साधं नळाचं घ्या. लाल, हिरव्या पाकिटांचा रंग सुटतो आणि सगळी बादली गुलाबी होते. रंगीत पाकिटं वेगळ्या भांड्यात.
आणि स्टिकरसारखी तिकिटं पाण्यात सुटतीलच असं नाही. सिएरा लिओनने १९६४ मध्ये स्वतःच्या देशाच्या नकाशाच्या आकाराची तिकिटं काढली होती, न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी. जगातली पहिली स्वयंचिकट तिकिटं ती. मागच्या कागदावर चक्क जाहिराती छापल्या होत्या! ती खोक्यात असतील तर भिजवू नका.

वैशाली:
अरुणकाका, सगळं पटतं, पण नऊ वर्षांच्या मुलांना "हात लावू नका, बघा" असं दोन तास सांगून चालत नाही. मागच्या वेळी वारली चित्रांच्या कार्यशाळेत मुलं रमली, कारण हाताला काम होतं. किल्ल्यांच्या व्याख्यानाला काय झालं ते सगळ्यांना आठवतंय.
माझ्या आर्याला शिक्का काय आणि तिकीट काय, तिला पाण्यात हात घालायला मिळणार एवढंच कळलंय आणि ती खूश आहे.
खाण्याचं काय ठरलं? समोसे नकोत असा मागच्या बैठकीत ठराव झाला होता ना? केलेवेले (तळलेली मसालेदार केळी) सांगूया का, ओसूच्या कोपऱ्यावरचं? तिखट कमी सांगता येतं.

सुहास (खजिनदार):
१. समोशांबद्दल ठराव झालेला नाही, चर्चा झाली होती. मिनिट्समध्ये आहे.
२. टिपकागदाला पैसे मंजूर आहेत. माउंट, हिंज (तिकीट वहीत लावायचे गोंदाचे कागदी तुकडे), अल्बम वगैरे कशाला नाहीत. अरुणकाकांची यादी येण्याआधीच सांगून ठेवतो.
३. खोका मंडळाच्या नावे दिलेला आहे, कुणा एकाच्या देखरेखीखाली नाही. त्यातलं काही खरोखर किमती असेल तर समितीपुढे यायला हवं.
४. मंडळाच्या पी. ओ. बॉक्सची किल्ली अजून परत आलेली नाही. भारतातून कार्डं मागवायची घोषणा कुणी केली ते माहीत नाही, पण ती येतील तर त्याच बॉक्समध्ये. घरचा डिजिटल पत्ता देऊन परदेशी टपाल दारात येईल या भरवशावर राहू नका.

अरुणकाका (तेमा):
सुहास, देखरेख मी मागितलेली नाही. बापटने जाताना खोका माझ्यासमोर भरला, एवढंच.
मीनल, तिकीट नसलेल्या कार्डांचं उत्तर दिलं नाहीस. त्यातलं एक खाकी रंगाचं, पेन्सिलीने लिहिलेलं आहे का? त्यावर फील्ड पोस्ट ऑफिसचा गोल शिक्का आणि सेन्सॉरची खूण असायला हवी. लढाईवरच्या सैनिकांच्या साध्या टपालाला बहुधा तिकीट लागत नसे. गोल्ड कोस्ट (घानाचं स्वातंत्र्यापूर्वीचं नाव) रेजिमेंटचे जवान ८१ व्या पश्चिम आफ्रिकी डिव्हिजनमध्ये १९४३ ला भारतात आले आणि तिथून ब्रह्मदेशात कलादानच्या खोऱ्यात उतरले. त्यांच्या बाहीवर पिवळ्यावर काळा आठपायी कोळी असायचा, म्हणजे आपल्या मुलांना शाळेत ज्याच्या गोष्टी सांगतात तोच अनान्से. आपण रोज ज्या बर्मा कँप या लष्करी तळावरून गाडी नेतो त्याचं नाव उगाच पडलेलं नाही.
त्या कार्डावर तुम्ही गोंद पसरणार होतात.
आणि तळाशी ग्लासिनच्या (पातळ, गुळगुळीत कागदाच्या) पाकिटात १९५७ च्या स्वातंत्र्याची कोरी तिकिटं आहेत, घानाचा पहिला पंतप्रधान एन्क्रुमा आणि आफ्रिकेच्या नकाशावरचं गिधाड. इथल्या दमट हवेत ती एकमेकांना चिकटली आहेत. ओढू नका, फाटतील. पाण्यातही टाकू नका, गोंद जाईल आणि कोरं तिकीट निम्म्या मोलाचं होईल. झाकणाच्या डब्यात ओला स्पंज, त्याच्या वर जाळी, जाळीवर तिकिटं. हळूहळू सुटतात. दर काही वेळाने बघायचं. घाई केली की संपलं.

प्रसाद:
तिकिटांचा विषय निघालाच आहे म्हणून. आमचं घर नाशिकरोडला, छापखान्याच्या वसाहतीत. इंडिया सिक्युरिटी प्रेस. १९२५ ला उघडला आणि पुढच्या वर्षापासून भारताची तिकिटं तिथेच छापायला लागले, त्याआधी ती लंडनहून डे ला रूकडून छापून यायची. गोल्ड कोस्टचीही तिकडूनच. म्हणजे बापटकाकांच्या खोक्यातल्या जुन्या तिकिटांचा आणि आमच्या आजोबांच्या काळच्या भारतीय तिकिटांचा छापखाना एकच होता म्हणा ना!
माझे काका तिथे कटिंग विभागात होते. डबा सुद्धा आत नेताना तपासायचे. घरात छिद्रांच्या रांगेवरून भांडणं. "हे बघ, इथे सरकलंय." आम्हाला काय दिसायचं? काहीच नाही. तिकीट जमवायला मात्र घरात बंदी होती, कारण लोक काय म्हणतील.
बादली आमच्याकडे आहे, एक. झाकण नाही.

ज्योती (कुमासी):
मी शनिवारी येऊ शकत नाही, कुमासीहून सकाळी दहाला पोचणं शक्य नाही हे दर वेळी सांगते. पण खोक्यात बासेल मिशनची (स्वित्झर्लंडचं ख्रिस्ती मिशन) कार्डं असतील तर मला फोटो हवेत.
आम्ही कारवारचे. घराच्या छपरावर मंगलोरी कौलं. बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना १८६५ मध्ये काढला हे आम्हाला लहानपणापासून माहीत. इथे आल्यावर कळलं की तेच मिशन १८२८ पासून गोल्ड कोस्टवर होतं, मंगळुरात तर १८३४ मध्ये आलं. कोकोच्या पहिल्या निर्यातीतही त्यांच्या व्यापारी कंपनीचा हात. मग पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्यांना इथून बाहेर काढलं. त्यांच्या शाळा, चर्च, पेरणीची शेतं यांचे फोटो बासेलच्या संग्रहात आजही आहेत आणि त्यावरून छापलेली कार्डं बाजारात फिरतात. त्यातल्या इथल्या अक्रोपाँग गावच्या कार्डावरचा चौसोपी वाडा बघून माझ्या आईने विचारलं, हे हुबळीचं आहे का?
अरुणकाका, असतील तर बाजूला ठेवा. विकायची भाषा सुहासने करू नये.

सुहास (खजिनदार):
ज्योती, "विकायची" असा शब्द मी वापरलेला नाही. "समितीपुढे यायला हवं" असं आहे. मेल पुन्हा वाचा.

शिरीष:
कुणाकडे लोमेचं कार्ड आहे का? मी एकदा विकत घेतलं होतं, जर्मन टोगोचं, वर कैसरच्या जहाजाचं तिकीट आणि त्यावर "अँग्लो-फ्रेंच ऑक्युपेशन" असं छापलेलं. १९१४ च्या ऑगस्टमध्ये इंग्रज आणि फ्रेंच दोघांनी मिळून टोगो घेतला तेव्हाचं. विकणाऱ्याने शपथेवर सांगितलं. घरी भिंगातून पाहिलं तर अक्षरांचा रंग शिक्क्याच्याही वर चढलेला. म्हणजे आधी टपालात फिरलेलं, नंतर कुणीतरी छापलेलं. या ओव्हरप्रिंटच्या (तिकिटावर नंतर छापलेल्या अक्षरांच्या) नकला फार आहेत. तेव्हा बापटकाकांच्या खोक्यात ते निघालं तर सुहासने लगेच भाव काढू नये.

वैशाली:
मला हे वाचून एक सुचलं. अरुणकाका, तुम्ही म्हणता तो एन्क्रुमा मुलांना दाखवूया. मी घानाच्या शाळेच्या पुस्तकात वाचत होते की १९५७ मध्ये स्वातंत्र्य मिळालं तरी राणी देशाची प्रमुख होतीच, १ जुलै १९६० ला प्रजासत्ताक होईपर्यंत. पण तिकिटावर राणी नाही, पंतप्रधान! लंडनमध्ये कुरबुर झाली तेव्हा एन्क्रुमाने तिथल्याच वर्तमानपत्रात लिहून कारण दिलं: माझ्या लोकांपैकी पुष्कळांना वाचता येत नाही, आपण स्वतंत्र झालो हे त्यांना खुणांतूनच दाखवावं लागतं.
हे मुलांना कळतं हो. आर्याने लगेच विचारलं, मग राणीला राग आला का?

अरुणकाका (तेमा):
उत्तम. मग त्याच ताटात तीन गोष्टी ठेव. एक, गोल्ड कोस्टचं राणीचं तिकीट, ज्यावर "घाना इंडिपेंडन्स ६ मार्च १९५७" असं काळ्या अक्षरांत छापलं. नवीन तिकिटांसोबत जुनीही अशी छापून वापरली. दोन, एन्क्रुमाचं. तीन, १९६७ चं, ज्यात २४ फेब्रुवारीच्या क्रांतीचा पहिला वाढदिवस साजरा केला आहे. ती क्रांती म्हणजे १९६६ ला एन्क्रुमालाच हटवणं, तो पेकिंगला असताना. दहा वर्षांत तिकिटांवरून माणूस चढतो आणि उतरतो. मधल्या काळात पैसेही बदलले. १९६५ च्या जुलैमध्ये पौंड जाऊन सेडी आला, तेव्हा तिकिटांवर नवीन चलनाच्या किमती छापल्या. मुलांना गणितही होईल: आठ शिलिंग चार पेन्स म्हणजे एक सेडी, तर शिलिंगचे पेसेवा (सेडीचा शंभरावा भाग) किती?
माझ्याकडे ही तिन्ही आणि नवीन चलनाचं चौथं, अशी चारही आहेत, दुहेरी. मी माझी आणतो. खोक्यातली नाहीत.

मीनल:
बरं. हे सगळं वाचून ठरवते, आता पुन्हा कुणी बदलू नका.
भिजवायला फक्त सुटी पाकिटं आणि फाटके तुकडे, म्हणजे मी ऑफिसमधून आणलेली रोजच्या टपालाची. खोक्यातलं काहीही पाण्यात जाणार नाही. कार्डं शिरीष स्कॅन करेल (दोन्ही बाजू, शिरीष, दोन्ही) आणि कोलाज रंगीत झेरॉक्सचा. वैशाली एन्क्रुमाचं टेबल सांभाळेल. अरुणकाका चिमटे आणि भिंग आणतील, बोटांनी तिकीट उचललं तर मुलांना तेच ओरडतील, मी नाही. खाकी कार्ड सापडलं. पेन्सिलीची अक्षरं पुसट आहेत, सेन्सॉरची खूण आहे. ते शिरीषच्या घरी बंद कपाटात आहे.
ज्योती, अक्रोपाँगचं आहे, फोटो पाठवला.
खाणं: समोसे. चर्चा संपली.

सुहास (खजिनदार):
रंगीत झेरॉक्स किती पानं? तीसपेक्षा जास्त असतील तर दोघांची सही लागेल. मागच्या वर्षी गणपतीच्या पत्रिकांच्या वेळी काय झालं ते सर्वांना माहीत आहे.

प्रसाद:
मी माझ्या ऑफिसातून करून देतो, फुकट. पण एका बाजूचीच होतात.

शिरीष:
दोन्ही बाजू स्कॅन करतोय, दोन पानं असू दे. एक सूचना: तिकिटं वाळत असताना हॉलमधला पंखा बंद. गेल्या हरमॅटनमध्ये (सहाराकडून येणारा कोरडा, धुळीचा वारा) रांगोळीचं काय झालं आठवा.

अरुणकाका (तेमा):
पंखा बंद केला तर मुलांना घाम फुटेल आणि घामाची बोटं तिकिटांना लागतील. एसी लावा, झोत भिंतीकडे. वाळवायची तिकिटं टिपकागदावर तोंड खाली करून ठेवा, वर दुसरा टिपकागद, त्यावर जाड पुस्तक. वर्तमानपत्र नको, शाई उतरते.

वैशाली:
जाड पुस्तक मी आणते. पुस्तकाच्या खाली तिकीट राहून जायला नको, ते मंडळाच्या ग्रंथालयाचं आहे आणि परत करायची तारीख गेलेली आहे.

सुहास (खजिनदार):
ते पुस्तक कुणाच्या नावावर आहे?

मीनल:
सुहास, पी. ओ. बॉक्सची किल्ली माजी सचिवांकडे आहे, ते सांगलीला आहेत, जूनमध्ये येतील. भारतातून येणारी कार्डं तोवर तिथेच पडून राहतील. दुसरी किल्ली करायची असेल तर पोस्टात जायला कुणाला मंगळवारी वेळ आहे ते सांगा, मला नाही.