गेटवेला पिंग जातं, पण इंटरनेट नाही, प्रिंटरही नाही

रावपुरा_हिशेब:
रावपुऱ्यातलं लहान ऑफिस. ११ कॉम्प्युटर, एक प्रिंटर (१९२.१६८.१.५०), साधा १६ पोर्टचा स्विच. एक मशीन उबुंटू, बाकी सगळी विंडोज. सकाळी चालू केल्यावर दोन-तीन मशीनना ना इंटरनेट मिळतं ना प्रिंटर, आणि रोज तीच मशीन असतात असंही नाही. केबल बदलून झाल्या. आज अशा एका मशीनवर आयपीकॉन्फिग (मशीनचा नेटवर्क पत्ता दाखवणारी कमांड) दिलं तर पत्ता १९२.१६८.०.१०३, गेटवे (बाहेर जायचा रस्ता, म्हणजे राउटर) १९२.१६८.०.१. बाकीच्यांचा गेटवे १९२.१६८.१.१ आहे. ०.१ ला पिंग (पोचतंय का याची चाचणी) केलं की लगेच उत्तर, ८.८.८.८ ला (इंटरनेटवरचा गूगलचा सर्व्हर) मात्र काहीच नाही. इंटरनेटची लाईन देणारे म्हणतात डीएनएस (साइटच्या नावावरून आकडी पत्ता शोधणारा सर्व्हर) बदला. बदलू?

क्रिम्पर:
डीएनएसला हात लावू नका. ८.८.८.८ ला पिंग करताना नावाचा पत्ता शोधावाच लागत नाही, म्हणजे डीएनएस मधे येतच नाही. नाव चालत नाही पण आकडा चालतो, असं झालं तरच डीएनएसवर संशय घ्यायचा.

तुमच्या नेटवर्कात पत्ते वाटणारे (डीएचसीपी सर्व्हर, बहुतेक राउटरमध्येच असतो) दोघं झालेत. मशीन सुरू होताना सगळ्यांना हाक मारतं, 'पत्ता द्या', आणि ज्याची ऑफर आधी पोचेल त्याची साधारणपणे घेतं. म्हणून रोज वेगळी मशीन अडकतात: दुसऱ्याचा पत्ता मिळाला की मशीन १ ऐवजी ० च्या वेगळ्या नेटवर्कात जातं. खात्रीसाठी एका चांगल्या आणि एका अडकलेल्या मशीनवर आयपीकॉन्फिग /ऑल द्या आणि 'डीएचसीपी सर्व्हर' ही ओळ ताडून बघा. नुसत्या आयपीकॉन्फिगमध्ये ती येत नाही. मग अडकलेल्या मशीनवर एआरपी -ए (कुठल्या पत्त्यामागे कुठलं यंत्र ते दाखवणारी कमांड) द्या. ०.१ समोरच्या फिजिकल ॲड्रेसच्या (यंत्राचा स्वतःचा नंबर) पहिल्या तीन जोड्या म्हणजे बनवणाऱ्या कंपनीचा नंबर. बहुतेक वेळा तो ऑफिसातल्याच एखाद्या वाय-फाय राउटरच्या खालच्या स्टिकरशी जुळतो.

मांडवी_६९:
पत्ता १६९.२५४ ने सुरू झाला असता तर अर्थ उलटा होता: पत्ता देणारं कुणीच भेटलं नाही. इथे तसं नाही, क्रिम्पर बरोबर आहेत.

सोपा उपाय सांगतो, सगळ्या मशीनना हाताने फिक्स आयपी देऊन टाका. ११ च तर आहेत.

क्रिम्पर:
नको. मूळ राउटर तेच पत्ते उद्या कुणाच्या मोबाईलला देईल, मग एकाच पत्त्यावर दोघं. शिवाय दुसरा वाटणारा तिथेच राहील तो राहीलच. प्रिंटरला फिक्स ठेवा, तेही वाटपाच्या टप्प्याबाहेर.

रावपुरा_हिशेब:
डीएचसीपी सर्व्हर वेगळाच निघाला, १९२.१६८.०.१. पण चांगल्या मशीनवरून त्याला पिंग केलं तर 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. आणि तो आहे कुठे हे कसं कळणार? स्विचच्या सगळ्या केबल भिंतीत जातात.

क्रिम्पर:
चांगल्या मशीनच्या हिशेबाने ०.१ बाहेरच्या नेटवर्कातला, म्हणून ते पिंग मूळ राउटरकडे देतं आणि तिथेच हरवतं. शोध अडकलेल्या मशीनवरूनच घ्या. त्यावर पिंग -टी १९२.१६८.०.१ चालू ठेवा आणि स्विचवरच्या केबल एकेक काढून पाच सेकंद थांबा. उत्तरं थांबली की ती केबल. मात्र 'जनरल फेल्युअर' आलं तर तुम्ही त्याच मशीनची स्वतःची केबल काढलीत, ती परत लावा. टॅलीत कुणी एन्ट्री करत असेल त्या वेळी हे करू नका.

उबुंटूवरून केबल न काढता किमान किती वाटणारे आहेत एवढं तरी कळतं:
सुडो एनमॅप --स्क्रिप्ट ब्रॉडकास्ट-डीएचसीपी-डिस्कव्हर
काही सेकंदांत ज्यांनी ज्यांनी ऑफर दिली त्यांची यादी येते. एकच यायला हवा. उबुंटूवर एआरपी -ए च्या जागी आयपी नेबर आणि गेटवेसाठी आयपी रूट. जुनं आयएफकॉन्फिग नव्या आवृत्त्यांत मुळात नसतं.

सापडल्यावर क्रम पाळा. आधी अडकलेल्या मशीनच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ टाकून सापडलेल्या राउटरचं पान उघडा, डीएचसीपी बंद करा, सेव्ह करा. मग त्याचा लॅन (ऑफिसच्या आतल्या नेटवर्कातला) पत्ता १९२.१६८.१.२ करा. पत्ता बदलला की पान तुटतं, म्हणून हे शेवटी. मूळ राउटरचं वाटप १०० ते २०० एवढंच ठेवा. शेवटी अडकलेल्या मशीनवर आयपीकॉन्फिग /रिलीज, मग /रिन्यू. दुरून जोडलेले असाल तर रिलीज देताक्षणी तुटाल, समोर बसूनच करा.

सयाजीगंज_नेट:
एक भर. पिंगच्या शेवटी '० टक्के लॉस' दिसलं म्हणून पोचलं असं धरू नका. 'रिप्लाय फ्रॉम' पुढे तुमचाच पत्ता आणि 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' असेल तर विंडोज तेही आलेलं उत्तर म्हणूनच मोजतं. उलट एखादं विंडोज मशीन पिंगला उत्तर देत नाही म्हणजे बंद आहे असंही नाही, फायरवॉल अडवतो. पिंग करून लगेच एआरपी -ए बघा. त्याचा फिजिकल ॲड्रेस आला असेल तर मशीन चालू आहे, फायरवॉल एआरपी अडवत नाही.

रावपुरा_हिशेब:
सापडला. मीटिंगच्या खोलीत वाय-फायसाठी लावलेला जुना राउटर, केबल त्याच्या लॅन पोर्टात. ती वॅनमध्ये (बाहेरच्या लाईनसाठीचं पोर्ट) लावायची का आता?

क्रिम्पर:
लॅनमध्येच राहू द्या. वॅनमध्ये घातलीत तर त्या खोलीचं वेगळं नेटवर्क होईल आणि तिथले लॅपटॉप बाकीच्या मशीनना दिसणार नाहीत. डीएचसीपी बंद असलं की लॅन पोर्टच बरोबर.