चाळीस वर्षे जुनी जीआय पाईपलाईन: जागेवर दुरुस्ती करावी की लाईनच बदलावी?

पाऊलवाट (पुणे) – प्रश्न

नमस्कार. कोथरूडमध्ये १९८६ साली बांधलेल्या चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमची सदनिका आहे. भिंतींच्या आतून गेलेली पाण्याची सगळी लाईन मूळची, म्हणजे जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाईपची आहे. गेल्या वर्षभरात तीन तक्रारी सुरू झाल्या आहेत. बाथरूममधील नळांची धार फारच बारीक झाली आहे, सकाळी पहिल्यांदा नळ सोडला की काही वेळ तांबूस पाणी येते, आणि आमच्या खाली राहणाऱ्या कुटुंबाच्या बाथरूमच्या छताला ओल आली आहे. ती मंडळी समजूतदार आहेत, तरी त्यांचे छत फार काळ तसेच ठेवणे मला योग्य वाटत नाही.

एका प्लंबरचे म्हणणे असे की सगळ्या फरशा फोडून संपूर्ण घरात सीपीव्हीसीचे (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकचे) पाईप टाकल्याशिवाय पर्याय नाही. दुसऱ्याने पाहणी करून सांगितले की एखादा एल्बो (वळणावरचा जोड) गळत असेल, तेवढाच बदलला की काम भागेल. दोघांच्या खर्चात प्रचंड तफावत आहे. सासूबाईंचे वय ८० च्या पुढे असल्यामुळे बाथरूम दीर्घकाळ बंद ठेवता येणार नाही, आणि सोसायटीत पुनर्विकासाची चर्चाही सुरू झाली आहे. अशा वेळी दुरुस्ती कुठवर पुरेशी असते आणि लाईन बदलण्याची वेळ आली हे कशावरून ओळखावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

स्थापत्य_निवृत्त (ठाणे)

आपल्या तिन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे असे दोन्ही प्लंबरांनी गृहीत धरलेले दिसते, आणि तेवढ्यामुळेच त्यांच्या सल्ल्यात इतके अंतर पडले आहे. बारीक धार आणि तांबूस पाणी हा पुरवठ्याच्या लाईनचा प्रश्न आहे. खालच्या छताची ओल मात्र पुरवठ्याच्या लाईनमुळे असू शकते, तशीच सांडपाण्याच्या बाजूने, म्हणजे नहाणी ट्रॅप (फरशीवरचे पाणी वाहून जाते त्या जाळीखालचे भांडे) किंवा फरशीखालच्या कोब्यातूनही (काँक्रीटच्या थरातूनही) असू शकते. माझ्या पाहण्यात जुन्या इमारतींत ही दुसरी शक्यता अधिक वेळा खरी ठरते. तेव्हा एकही फरशी फोडण्यापूर्वी ओल नेमकी कोणत्या बाजूची आहे हे ठरवावे.

पुरवठ्याच्या लाईनमध्ये पाणी सतत दाबाखाली असते, त्यामुळे तिची गळती बाथरूम वापरा अथवा वापरू नका, चालूच राहते. सांडपाण्याची गळती मात्र पाणी वाहते तेव्हाच होते. घरात दुसरे बाथरूम असेल तर तीन-चार दिवस सगळ्यांनी तेच वापरावे. या बाथरूमचा व्हॉल्व्ह उघडा ठेवावा, पण फरशीवर एक तांब्यासुद्धा पाणी ओतू नये. खालच्या छतावर ओलीच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून ठेवावी, कारण डाग वाळायला पुष्कळ दिवस लागतात आणि केवळ डागाकडे पाहून निष्कर्ष काढला तर तो चुकतो. थेंब पडणे थांबले आणि ओल रेघेच्या आत सरकू लागली, तर दोष सांडपाण्याच्या बाजूला आहे. ओल तशीच राहिली किंवा रेघ ओलांडून पुढे गेली, तर उलट प्रयोग करावा, म्हणजे व्हॉल्व्ह बंद करून पाहावे. ओल फक्त पावसाळ्यात वाढत असेल तर ती बहुधा बाहेरच्या भिंतीची असते आणि मग घरातील पाईपांना हात लावण्याचे कारणच उरत नाही.

सांडपाण्याचा दोष निघाला तर आणखी एक पायरी आहे. नहाणीचे तोंड कापडाच्या बोळ्याने घट्ट बंद करून फरशीवर इंचभर पाणी २४ तास साठवावे. तेवढ्याने खाली ओल आली तर फरशीचे सांधे आणि त्याखालचे वॉटरप्रूफिंग गेले आहे. साठवलेल्या पाण्याने काही झाले नाही, पण बोळा काढून पाणी सोडताच ओल आली, तर ट्रॅप किंवा त्यापुढचा पाईप गळतो आहे.

आता धारेविषयी. टाकीपासून आपल्या नळापर्यंत साधारण पाच मीटर उंचीचा फरक असेल असे धरले, तर मिळणारा दाब अर्धा किलो प्रति चौरस सेंटिमीटर एवढाच असतो, कारण दहा मीटर उंचीच्या पाण्याने सुमारे एक किलोचा दाब तयार होतो. वरच्या मजल्यांवर धार मुळातच सौम्य असते. म्हणून ती बारीक आहे की नाही हे नुसत्या नजरेने न ठरवता दहा लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोजावे. तुलना स्वयंपाकघरातील नळाशी करू नये; अनेक जुन्या इमारतींत तो नळ थेट महापालिकेच्या लाईनवर असतो. त्याच डाउनटेकवर (टाकीतून खाली येणाऱ्या सामायिक पाईपवर) असलेल्या शेजाऱ्यांच्या बाथरूममध्ये तीच बादली भरून पाहावी. त्यांचीही धार तितकीच बारीक असेल तर अडथळा सामायिक लाईनमध्ये किंवा टाकीच्या तोंडाशी आहे. फक्त आपलीच असेल तर प्रथम नळांच्या जाळ्या साफ कराव्यात आणि बाथरूमचा मुख्य व्हॉल्व्ह उघडून पाहावा. जुन्या गेट व्हॉल्व्हची आतली पट्टी स्पिंडलपासून (चाकाच्या दांड्यापासून) सुटून अर्धवट अडकते, आणि चाक पूर्ण फिरूनही मार्ग बंदच राहतो.

नळजोडणी (नाशिक)

मी या व्यवसायात अनेक वर्षे आहे. वरील चाचण्या योग्य आहेत. त्यानंतर काय करावे याबद्दल लिहितो.

जीआय पाईपला आतून-बाहेरून जस्ताचा थर असतो. सांधा जोडताना टोकाला आटे पाडले जातात तेव्हा तिथला जस्त कापला जातो, आणि गंज बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो. गीझरच्या लाईनमध्ये तो लवकर येतो, कारण पाणी साधारण ६० अंश सेल्सिअसच्या वर तापले की जस्ताचे संरक्षण भरवशाचे राहत नाही. बोअरवेलचे किंवा टँकरचे जड पाणी टाकीत मिसळत असेल तर गंजावर क्षारांचे थर बसतात. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा दर लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत सवलत आहे. दख्खनच्या कातळातील बोअरवेलचे पाणी पुष्कळदा पहिली मर्यादा ओलांडते. पाईपचा आतला व्यास निम्मा झाला की पाण्याचा मार्ग चौथ्या हिश्श्यावर येतो आणि घर्षणामुळे प्रत्यक्ष धार त्याहूनही कमी होते. अशी लाईन कितीही ठोकली किंवा ॲसिडने धुतली तरी पूर्ववत होत नाही. ॲसिडने तर उरलेला पातळ पत्राही जातो, म्हणून तो उपाय कोणी सुचवला तरी करू नये.

‘एक एल्बो बदला’ हा सल्ला सरसकट चुकीचा नाही. लाईन वीसएक वर्षांची असेल, पाणी स्वच्छ येत असेल आणि एकाच सांध्यातून गळत असेल, तर तेवढाच सांधा बदलणे योग्य असते. परंतु चाळीस वर्षांच्या लाईनवर पान्हा लावला की पिळाचा ताण शेजारच्या गंजलेल्या आट्यांवर जातो, आणि आज दुरुस्त केलेल्या जागेपासून हातभर अंतरावर पुन्हा गळती सुरू होते. शिवाय गंजलेल्या लाईनमध्ये नवा जीआय तुकडा जोडला तर रासायनिक कारणाने तो नवा तुकडाच लवकर झिजतो. ग्राहकाला वाटते की प्लंबरने हलका माल वापरला, पण माल चांगला असूनही असे घडते.

मी निर्णय पाईप पाहूनच घेतो. व्हॉल्व्हच्या पुढचा युनियन (खोलता येणारा जोड) किंवा गीझरखालचा निपल (दोन्ही टोकांना आटे असलेला पाईपचा छोटा तुकडा) उघडावा आणि आत टॉर्च मारून पाहावे. आत बोटभर जागा मोकळी असेल आणि आटे शाबूत असतील तर दुरुस्ती करावी. आत गंजाचे खडे उभे असतील आणि निपल पिळताना त्याचे टोक तुटून सांध्यातच राहत असेल, तर त्या शाखेचे आयुष्य संपले आहे. तिच्यावर पुन्हा पैसे घालवू नयेत.

बदलायचे ठरले तरी फरशा फोडण्याची सक्ती नसते. जुनी लाईन भिंतीतच बंद करून सोडून द्यावी आणि नवी लाईन डक्टमधून (इमारतीचे पाईप जातात त्या उभ्या मोकळ्या जागेतून) आणून बाथरूममध्ये छताच्या खालून क्लॅम्पवर फिरवावी. दिसायला ती तितकी चांगली नसते, पण दोन दिवसांत काम होते आणि पुढे गळती झाली तर डोळ्यांना दिसते. गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी घ्यावा, त्यावर आयएस १५७७८ हे मानक छापलेले आहे ना ते पाहावे, आणि शक्यतो एसडीआर ११ जाडीचा (भिंत बाहेरच्या व्यासाच्या अकराव्या भागाइतकी जाड असलेला) घ्यावा. यूपीव्हीसी हा दुसरा प्लास्टिकचा पाईप फक्त थंड पाण्यासाठी आहे. स्वस्त पडतो म्हणून तो गीझरला जोडलेला मी अनेक घरांत पाहिला आहे आणि काही काळाने तो मऊ पडून वाकतो. सॉल्व्हंट सिमेंटचे सांधे वाळण्यासाठी डब्यावर दिलेला वेळ पाळावा. डक्टमध्ये जिथे ऊन येते तिथे पाईपला रंग द्यावा.

वीजतंत्री (कोल्हापूर)

एक महत्त्वाची गोष्ट या चर्चेत राहून गेली आहे, म्हणून लिहितो. जुन्या घरांत कित्येकदा वीजजोडणीचे अर्थिंग पाण्याच्या जीआय पाईपला बांधलेले असते. ती लाईन तोडून प्लास्टिकची टाकली की अर्थिंग नकळत तुटते, आणि नंतर गीझरमध्ये दोष निर्माण झाला तर त्याच्या अंगात वीज येऊन नळाला हात लावणाऱ्याला धक्का बसू शकतो. घरात वयस्कर व्यक्ती असताना हा धोका मुळीच पत्करू नये. प्लंबर बोलावण्याआधी वीजतंत्र्याकडून गीझरच्या प्लगचे अर्थिंग तपासून घ्यावे, आवश्यक असल्यास स्वतंत्र अर्थिंग करून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअरचा वीजगळती संरक्षक (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवावा.

सचिव_सोसायटी (मुलुंड)

खर्च कोणी करायचा हा प्रश्न विचारलेला नाही, पण तो येणारच आहे. आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या सामायिक पाईपलाईन आणि ड्रेनेज लाईनची गळती ही सोसायटीची जबाबदारी आहे, तर सदनिकेतील अंतर्गत दुरुस्ती सभासदाने स्वतःच्या खर्चाने करायची असते. डक्टमध्ये काम करण्यापूर्वी समितीला लेखी कळवून परवानगी घ्यावी. त्याच उपविधींत ३० वर्षांहून जुन्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण दर तीन वर्षांनी करण्याची तरतूद आहे. आपल्या इमारतीचा शेवटचा अहवाल मागून घ्यावा, कारण गळतीच्या जागा त्यात पुष्कळदा नोंदवलेल्या असतात.

पुनर्विकासाची नुसती चर्चा असेल तर ती निर्णयात धरू नये. चर्चेपासून सदनिका रिकामी करण्यापर्यंत अनेक वर्षे जातात आणि तोवर खालच्यांचे छत ओले ठेवता येत नाही. विकासकाशी करार झालेला असेल, तर मात्र संगमरवरी फरशी आणि भिंतीतील नव्या लाईनवर खर्च करणे व्यर्थ आहे.

पाऊलवाट (पुणे)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे केले. दहा लिटरची बादली आमच्या बाथरूममध्ये भरायला तीन मिनिटांहून अधिक लागली. त्याच डाउनटेकवरील खालच्या घरात ती एका मिनिटाच्या आत भरली. व्हॉल्व्ह नवा बसवूनही आमच्या धारेत फरक पडला नाही. गीझरखालचा निपल काढताना त्याचे टोक आतच तुटले आणि आतील छिद्र पेन्सिलीएवढेच उरलेले दिसले. बाथरूम न वापरता पुरवठा चालू ठेवला तेव्हा खालचे थेंब थांबले आणि ओल पेन्सिलीच्या रेघेच्या आत आली. नहाणीला बोळा लावून पाणी साठवले तेव्हा खाली काही झाले नाही, पण बोळा काढताच तासाभरात छत ओले झाले. पुनर्विकासाचा करार अद्याप झालेला नाही. अर्थिंग मात्र खरोखरच पाण्याच्या पाईपला बांधलेले निघाले. ते वेगळे करून घेतले आहे.

स्थापत्य_निवृत्त (ठाणे)

आपण फार व्यवस्थित तपासणी केली आहे आणि आता चित्र स्पष्ट आहे. खालची ओल नहाणी ट्रॅप किंवा त्याच्या सांध्यातून आहे; पुरवठ्याची लाईन गळत नाही, पण बाथरूमची शाखा आतून बुजली आहे. म्हणजे एका ठिकाणी दुरुस्ती आणि दुसऱ्या ठिकाणी बदल, अशी दोन वेगळी कामे आहेत. स्वयंपाकघराच्या लाईनची धार ठीक असेल आणि पाणी स्वच्छ येत असेल तर तिला हात लावू नये.

पुरवठ्याचे काम आधी करावे, म्हणजे बाथरूम फार वेळ बंद राहणार नाही. नाशिकच्या सदस्यांनी सांगितल्याप्रमाणे लाईन बाहेरूनच फिरवावी. भिंतीत झिरी पाडावीच लागली तर कॉलम आणि बीमला छिन्नी लावू देऊ नये, मग प्लंबर कितीही आग्रह करो. गीझर जोडण्यापूर्वी दाब-चाचणीच्या हातपंपाने दाब देऊन लाईन काही तास ठेवावी आणि दाबमापकाचा काटा खाली येत नाही याची खात्री करावी.

त्यानंतर ट्रॅप. फरशी फक्त नहाणीभोवती, दीड-दोन फूट एवढीच उघडावी. जुना ट्रॅप ओतीव लोखंडाचा असेल तर त्याला तडा गेला आहे का, आणि तो पुढच्या पाईपला जिथे मिळतो तो सांधा सुटला आहे का, हे स्वतः पाहावे. नव्या ट्रॅपमध्ये किमान ५० मिलिमीटर पाणी उभे राहील असा तो निवडावा, अन्यथा दुर्गंधी वर येते. ट्रॅपभोवती वॉटरप्रूफिंग केल्यावर फरशी बसवण्याआधी तिथे पुन्हा २४ तास पाणी साठवावे, पाणी सोडून ट्रॅपही तपासावा आणि खालच्या घरी जाऊन छत पाहून यावे. गवंडी घाई करील, तरी ही चाचणी वगळू नये. फरशी बंद होण्यापूर्वी उघड्या पाईपांवर मोजपट्टी धरून छायाचित्रे काढावीत आणि त्यांची एक प्रत खालच्या कुटुंबालाही द्यावी, कारण तो पाईप त्यांच्याच छतावरून जातो.