पहिल्यांदाच कामासाठी सौदीला (दम्माम-जुबैल) एकटी जातेय, काय काळजी घेऊ?

मुलुंडची_इंजिनिअर

नमस्कार. मी रबाळे एमआयडीसीतल्या एका कंपनीत ॲप्लिकेशन इंजिनिअर आहे, आम्ही कंट्रोल व्हॉल्व्ह बनवतो. पुढच्या महिन्यात दम्मामला ग्राहकाच्या ऑफिसात दोन-तीन मीटिंगा आणि मग जुबैलला साइटवर जाऊन यायचं आहे. आजवर आमच्याकडून तिकडे पुरुष सहकारीच गेले. या ऑर्डरचं डिझाइन माझं आहे म्हणून मला पाठवतायत आणि सोबत कोणी नाही. माझा हा पहिलाच परदेश दौरा.

मला जायचंच आहे, हे आधी सांगते. पण घरात वातावरण तंग आहे. आई म्हणते नकार दे, सासरे रोज कुठली ना कुठली बातमी पाठवतात. ऑफिसात एक जण सांगतो बुरखा घालावाच लागतो, दुसरा सांगतो आता तिथे सगळं मोकळं झालंय. नक्की काय? एकटीला हॉटेलात खोली मिळते का? रात्रीच्या विमानाने उतरल्यावर टॅक्सी घ्यावी का? टिकली, मंगळसूत्र चालतं का? मी शाकाहारी आहे, त्यामुळे घरून खाऊ न्यायचा विचार आहे, आईने तयारीही सुरू केली आहे. ज्यांनी स्वतः अनुभवलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

पार्ल्याची_तपासनीस

अगदी जा. मी थर्ड पार्टी इन्स्पेक्शनमध्ये आहे, दम्माम, जुबैल, रियाध हा माझा नेहमीचा फेरा. घरच्यांना ज्याची भीती वाटते ते आणि तिथे खरंच जे अंगाशी येतं ते, यांत बराच फरक आहे. कपड्यांची भीती सगळ्यांना वाटते. बॅगेतल्या डब्याची आणि फोनमधल्या ग्रुपची कोणालाच वाटत नाही. म्हणून कपडे आधी उरकते.

२०१९ मध्ये सौदीने पर्यटक व्हिसा सुरू केला, तेव्हाच परदेशी बायकांना अबाया (कपड्यांवरून घालायचा अंगभर सैल झगा) सक्तीचा नाही हे जाहीर केलं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, कपडे तंग किंवा पारदर्शक नकोत. आपला लांब बाह्यांचा, गुडघ्याखाली जाणारा कुर्ता, सैल पँट आणि ओढणी यात सगळं बसतं. तरी एक साधा काळा अबाया जवळ ठेव. भेंडी बाजारात चांगले मिळतात. ग्राहकाचं ऑफिस जुन्या वळणाचं असेल तर तो अंगावर असला की तुझं लक्ष कामावर राहतं. डोकं झाकायची गरज नाही, मशिदीत जायचं झालं तरच. टिकली-मंगळसूत्र लावून मी मीटिंगांना बसते, आजवर कोणी हटकलं नाही. ज्या धार्मिक पोलिसांच्या गोष्टी सासरे वाचतात, त्यांचा अटक करण्याचा अधिकार २०१६ मध्येच काढून घेतला गेला. साइटवर मात्र अबाया अजिबात नको. पंपाच्या शाफ्टजवळ सैल कापड म्हणजे जिवाशी खेळ. स्वतःच्या मापाचा बॉयलर सूट आणि सेफ्टी शूज मुंबईहून ने, तिथे बायकांच्या मापाचे मिळतीलच असं नाही.

हॉटेलचं म्हणशील तर २०१९ पासून एकट्या बाईला खोली देतात, पासपोर्ट दाखवला की झालं.

आता बॅग. आई काय बांधणार ते मला दिसतंय. अनारसे असतील तर काढ. करंजीचं सारण, गोडा मसाला, डिंकाचे लाडू, सगळ्यांच्या घटकांत खसखस आहे का ते विचार. खसखस आपल्याकडे वाण्याकडे मिळते, पण सौदी, दुबई, कतार इथे ती बंदी असलेल्या अमली पदार्थांत मोडते. अफूच्या झाडाचं बी आहे ते. पदार्थात घातलेली असली तरी कस्टम्सपुढे हा आईच्या हातचा मसाला आहे हे समजावत बसायची वेळ येऊ देऊ नये. मेतकूट, सुंठ पूड, भाजणी असं काहीही बिनलेबलच्या पिशवीत नेऊ नकोस. खायचं हवंच असेल तर दुकानातलं, सीलबंद, घटक छापलेलं ने. खरं तर फारसं न्यायची गरजच नाही. दम्माम-खोबरमध्ये केरळी आणि उत्तर भारतीय हॉटेलं भरपूर आहेत, लुलू सुपरमार्केटमध्ये दही-भात-डाळ सगळं मिळतं. पोर्क आणि दारूला तर थाराच नाही, हे तुला माहीत असेलच. पानमसाला-सुपारीच्या पुड्या कोणी सहकारी आठवणीने तुझ्या बॅगेत सरकवेल, त्या आधीच काढून टाक.

औषधं ही दुसरी गोष्ट. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडोल, झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्या, यांवर तिथे नियंत्रण आहे. नियमित घेत असशील तर डॉक्टरांची इंग्रजीत सहीशिक्क्यासह चिठ्ठी, मूळ पाकीट आणि दुकानाचं बिल बरोबर ठेव आणि निघण्याआधी सौदीच्या औषध प्राधिकरणाची परवानगी लागते का ते तपास. डब्यात सुट्या गोळ्या ओतून नेऊ नकोस.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: कोणाचंही पार्सल नेऊ नकोस. 'दम्मामला माझा भाचा आहे, एवढा लोणच्याचा डबा' असं कोणी म्हणालं तरी नाही. शेजारच्या काकूंना नाही, नातेवाइकांना तर मुळीच नाही. २०१९ मध्ये मुंबईचं एक जोडपं नातेवाइकाने दिलेलं पाकीट घेऊन दोह्याला उतरलं, आत चरस निघाला. दहा वर्षांची शिक्षा झाली. निर्दोष आहेत हे इथल्या तपासातून सिद्ध होऊन सुटका व्हायला २०२१ उजाडलं, आणि मधल्या काळात त्या बाईचं बाळंतपण तिथल्या तुरुंगात झालं. काकू रागावल्या तर रागावू दे.

फोनबद्दल. सौदीचा सायबर गुन्हे कायदा २००७ चा आहे. धार्मिक मूल्यं किंवा सार्वजनिक व्यवस्थेला धक्का लावणारं काही तयार केलं, पाठवलं किंवा साठवलं तर ५ वर्षांपर्यंत कैद आणि ३० लाख रियालपर्यंत दंड. आपल्या फॅमिली ग्रुपवर धर्मावरून रोज काय काय येतं ते तू जाणतेस. जाण्याआधी असे ग्रुप सोड, फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद कर, जुने फॉरवर्ड पुसून टाक. तिथे असताना कुठल्याही राजकीय-धार्मिक पोस्टला लाइकसुद्धा देऊ नकोस. विमानतळ, सरकारी इमारती, रिफायनरी, पोलीस, परक्या बायका यांचे फोटो काढायचे नाहीत. जुबैलला गेटवर फोन ठेवून घेतील, ते नेहमीचं आहे.

छेडछाडीची भीती आईला असेल. २०१८ च्या कायद्याने तिथे त्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रियालपर्यंत दंड आहे. कोणी नको इतकी सलगी केली तर दबून राहू नकोस. मोठ्या आवाजात 'नो' म्हण आणि माणसं असतील तिकडे जा. दम्माम-जुबैल ज्यात येतात त्या पूर्व प्रांतात मदतीसाठी ९११ लागतो. रात्री उतरलीस तर ग्राहकाच्या गाडीची सोय आधी लेखी पक्की कर, नाहीतर ॲपवरून टॅक्सी माग. बाहेर घोळक्याने उभे असलेल्या खाजगी गाडीवाल्यांकडे बघूही नकोस. आणि मागे बसलीस तरी पट्टा लाव.

जुबैलकर_निवृत्त

तपासनीस ताईंनी चांगलं लिहिलंय. मी जुबैलला इंडस्ट्रियल सिटीत बरीच वर्षं मेंटेनन्स फोरमन होतो, आता डोंबिवलीत असतो. दोन-तीन गोष्टी राहिल्या त्या सांगतो.

मुली, पहिलं म्हणजे व्हिसा नीट वाच. बिझनेस व्हिजिट व्हिसा मीटिंगसाठी असतो. साइटवर हातात पाना घेऊन काम करायचं असेल तर तुझ्या कंपनीने त्या कामाला चालणारा व्हिसा काढायला हवा. 'तिथे कोण बघतंय' असं ऑफिसातलं कोणी म्हणालं तर त्याला सांग, पकडतील मला, तुला नाही.

दुसरं, सिंगल एन्ट्री की मल्टिपल, ते बघून ठेव. खोबरहून बहरीनला समुद्रावरचा किंग फहद पूल आहे, १९८६ पासून. सुमारे २५ किलोमीटर. गुरुवारी संध्याकाळी अर्धं दम्माम त्या पुलावर असतं. ग्राहकाकडचा कोणी आपुलकीने म्हणेल, चला, उद्या बहरीनला जेवून येऊ. सिंगल एन्ट्री असेल तर तू पूल ओलांडलास की सौदीचा व्हिसा संपला. परत येताच येणार नाही, सामान हॉटेलात. शिवाय बहरीनला दारू मिळते, म्हणून परत येताना कोण गाडी चालवतोय याचा भरवसा नसतो.

सौदीत परदेशी लोकांच्या कंपाउंडमध्ये घरी केलेली दारू असते, ती मिथेनॉलने माणूस आंधळा करते किंवा मारते. अशा बोलावण्याला जाऊच नकोस. पिणार नसलीस तरी धाड पडली तर खोलीत असलेले सगळे आत जातात.

तिसरं, सही. समोर अरबी कागद ठेवतील, 'फक्त माल मिळाल्याची पोच आहे' म्हणतील. इंग्रजी मजकूर शेजारी असल्याशिवाय सही करू नकोस. तिथे वाद कोर्टात गेला तर अरबी मजकूरच धरतात. स्वतःच्या नावाने जामीन, चेक, हमी काही नाही. पैशाच्या वादात देश सोडायला बंदी घालता येते, आणि कंपनीचा वाद तुझ्या पासपोर्टावर येऊन बसेल. म्हणायचं, मुंबईला कायदा विभागाकडे पाठवते.

तिथला आठवडा रविवार ते गुरुवार आहे. रविवारी ते कामावर असतील आणि तुझं रबाळे बंद असेल. साहेबांना सांग, त्या रविवारी कोणीतरी ड्रॉइंगं घेऊन फोनपाशी बसलेलं पाहिजे. एकट्या माणसाकडून घाईत कबुली काढायला तोच दिवस सोयीचा असतो.

रस्त्याचं ताई म्हणाल्या ते मी पुन्हा म्हणतो. काही हायवेंवर वेगमर्यादा १४० आहे आणि लोक तीही पाळत नाहीत. धुळीचं वादळ आलं की पुढचं दिसत नाही, रात्री उंट आडवा येतो. माझ्या ओळखीची जी माणसं तिकडे दगावली ती पोलिसांमुळे नाही, रस्त्यावरच्या अपघातात. दम्माम ते जुबैल साधारण शंभर किलोमीटर. दिवसाउजेडी जा. ड्रायव्हर फोनवर बोलत असेल तर स्पष्ट सांग.

दापोली_ते_मुंब्रा

ताई, सलाम. आमच्या दापोलीकडच्या गावात असं घर नाही ज्यातला कोणी आखातात नाही. मीही दम्मामला होतो. तुम्हाला त्या लोकांची भीती वाटू नये असं मनापासून वाटतं, म्हणून लिहितोय. पाहुण्याला, त्यातून एकट्या आलेल्या बाईला, ते फार जपतात.

समोरच्या पुरुषाने हात पुढे केला नाही तर तुम्हीही करू नका, उजवा हात छातीवर ठेवून मान झुकवा. त्याने हात मिळवला नाही यात तुमचा अपमान नाही, तो आदरच आहे. कहवा देतील, छोट्या बिनकानाच्या कपात. उजव्या हाताने घ्या. पुरे झाला की कप जरासा हलवून परत द्या, नाहीतर ओतत राहतील. पहिला कप नाकारू नका. पायाचा तळवा कोणाकडे करून बसू नका.

मीटिंग चालू असताना जुहरची, म्हणजे दुपारच्या नमाजाची, अजान होईल, सगळे उठून जातील. रागाने उठले असं वाटून घेऊ नका, पंधरा-वीस मिनिटांत परत येतील. नमाज पढणाऱ्याच्या समोरून चालत जाऊ नका, मागून जा. २०२१ पासून नमाजाच्या वेळी दुकानं उघडी ठेवायला परवानगी आहे, पण काही बंद करतातच, तेव्हा औषध वगैरे घ्यायचं असेल तर वेळ बघून निघा.

तारखा ठरवताना रमजान येतोय का ते पाहा. त्या महिन्यात मुस्लिम नसलात तरी दिवसा चारचौघांत खाणं, पाणी पिणं चालत नाही, आणि कामाचे तासही कमी होतात. शक्य असेल तर मीटिंग ईदनंतर ढकला.

धर्मावर बोलणं निघेल. कोणी प्रेमाने विचारेल, तुम्ही काय मानता? सरळ सांगा, हिंदू आहे. वाद घालू नका, तुलना करू नका. पाकिटात गणपतीचा छोटा फोटो असेल तर असू द्या, टेबलावर मांडू नका. उघड पूजेला तिथे मुभा नाही. आणि पुढे कधी जेद्दाहला गेलात तर ताइफच्या वाटेवर मक्केकडे जाणाऱ्या पाट्या नीट वाचा. मुस्लिमांशिवाय कोणाला तिथे प्रवेश नाही, बाकीच्यांसाठी बाहेरून रस्ता आहे. ड्रायव्हरला आधीच सांगा.

मुलुंडची_इंजिनिअर

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. आईला वाचून दाखवलं, तिने स्वतःच गोड्या मसाल्याचा डबा बाजूला ठेवला. व्हिसा पाहिला, सिंगल एन्ट्री आहे. बहरीनचं बोलावणं खरंच आलं होतं, आजच नम्रपणे नाही कळवलं.

अजून एक विचारते. ग्राहकाकडच्या मॅनेजरने ईमेलमध्ये लिहिलंय की एका संध्याकाळी घरी जेवायला यावं. जावं का? आणि भेट काय न्यावी?

पार्ल्याची_तपासनीस

घरी त्याची बायको, आई, मुली असणार आहेत का ते सरळ विचार. 'तुमच्या कुटुंबातल्या बायकांना भेटायला आवडेल' असं लिही, उत्तरावरून सगळं कळेल. त्या असतील तर जरूर जा, बहुधा तुला थेट बायकांच्या दिवाणखान्यात नेतील आणि तिथे इतकं खायला घालतील की बोलायची सोय राहणार नाही. शाकाहारी आहेस हे दोन दिवस आधी कळव, कारण पाहुण्यासाठी बकरा हा तिथला रिवाज आहे आणि ताटात आल्यावर नाही म्हणणं जड जातं. कुटुंब नसेल, किंवा बोलावणं घराऐवजी गावाबाहेरच्या एखाद्या फार्महाउसवर असेल, तर हॉटेलच्या कॉफी शॉपमध्ये भेटू असं सुचव. चांगला माणूस ते लगेच मान्य करतो.

भेट म्हणून सीलबंद काजूकतली ने, घटक छापलेली. यजमानाला वैयक्तिक भेट नको, घरासाठी म्हणून दे. यजमानाचा पत्ता, गाडीचा नंबर आणि परतायची वेळ नवऱ्याला पाठवून ठेव. सौदी आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, तेव्हा तू रात्री दहाला परतशील तेव्हा मुलुंडला साडेबारा झालेले असतील, त्यांना जागं राहायला सांग. रियाधच्या भारतीय दूतावासाचा आपत्कालीन नंबर फोनमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडे लिहून ठेव. पासपोर्टची झेरॉक्स पर्समध्ये, मूळ पासपोर्ट खोलीच्या तिजोरीत. आणि हॉटेलचा पत्ता रिसेप्शनवरून अरबीत लिहून घे, प्रत्येक ड्रायव्हरला इंग्रजी वाचता येईलच असं नाही.