लॅपटॉप जुन्या ॲम्पला जोडला की घूं घूं येतं आणि गाणाराच गायब होतो

माळ्यावरचा_ॲम्प:
मंडळी मदत हवीय. बाबांचा जुना स्टिरिओ ॲम्प माळ्यावरून काढला, पुसला, चालू केला तर चक्क चालतोय आणि स्पीकर पण ठणठणीत आहेत. म्हटलं लॅपटॉप जोडू आणि यूट्यूबवरचं नाट्यसंगीत, जुन्या मैफिली मस्त ऐकू. मागे फोनो, ट्यूनर, टेप, ऑक्स अशी लाल-पांढरी सॉकेटं आहेत, घरात सेटटॉप बॉक्सबरोबर आलेली केबल पडली होती ती हेडफोन जॅकमधून ऑक्सला लावली, पिवळी पिन मोकळीच लोंबतेय. आता भानगडी दोन. सतत घूंऽऽ येतं, गाणं बंद केलं तरी येतं. आणि दुसरी जास्त विचित्र, नवीन गाण्यांत वाद्यं येतात पण गाणारा विहिरीत बसल्यासारखा लांब, आणि जुन्या रेकॉर्डिंगला तर जवळपास काही आवाजच नाही. फोनोला लावून बघू का? मित्र म्हणतोय डॅक (डिजिटल आवाजाचा ॲम्पला चालेल असा सिग्नल करणारी डबी) घे, सगळं सुटेल.

सोल्डरगन:
फोनोला अजिबात लावू नकोस. ते रेकॉर्ड प्लेयरच्या सुईसाठी असतं, तिथून सिग्नल अगदी बारीक येतो म्हणून ॲम्प तो शंभरेक पट वाढवतो, वर बेस चढवतो आणि ट्रेबल उतरवतो. लॅपटॉप लावलास तर नुसता फाटका ढणढणाट होईल. ऑक्स, टेप, ट्यूनर तिन्ही चालतील.
आता गाणारा गायब. त्या केबलच्या जॅकवर काळ्या रिंगा किती आहेत ते बघ आधी. साध्या स्टिरिओ जॅकला दोन असतात, तीन असल्या तर ती ऑडिओ-व्हिडिओची केबल, आणि तिच्यात अर्थ (ग्राउंडची वायर), व्हिडिओ, उजवा आवाज कुठल्या पट्टीवर हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. लॅपटॉपच्या जॅकमध्ये ती गेली की अर्थ नीट जुळत नाही, मग स्पीकरला डावा वजा उजवा असा फरकच मिळतो. गायकाचा आवाज दोन्ही बाजूला सारखा असतो तो वजाबाकीत उडतो, आणि जुनी रेकॉर्डिंगं मोनो, म्हणजे दोन्ही बाजूला एकच आवाज, तिथे सगळंच उडतं. तुझं वर्णन तंतोतंत तेच आहे. साडेतीन एमएमचा दोन रिंगवाला जॅक आणि पलीकडे लाल-पांढरी आरसीए अशी साधी केबल आण, कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते. जॅक पूर्ण आत बसव, अर्धवट बसला तरी हाच प्रकार होतो.

वायरलेस_वाघ:
कशाला एवढी डोकेफोड, ब्लूटूथ रिसीव्हर आण, ऑक्सला लाव, विषय संपला. वायरच नाही तर घूं कुठून येणार 😄

पन्नास_हर्ट्झ:
वाघोबा, तोडगा चुकीचा नाही, वायर गेली की लॅपटॉपकडून येणारं घूं जाईल. पण एसबीसीवर, म्हणजे ब्लूटूथच्या नेहमीच्या आवाज दाबायच्या पद्धतीत, साधारण 328 केबीपीएसच्या वर जात नाही, यूट्यूबचा आवाज आधीच दाबलेला तो परत एकदा दाबला जातो, आणि व्हिडिओ बघताना ओठ आधी आवाज नंतर हे मला तरी सहन होत नाही. काम करता करता ऐकायचं असेल तर ठीक.
मूळ प्रश्नाला, चार्जर काढून लॅपटॉप नुसत्या बॅटरीवर चालवून बघ. घूं गेलं तर ग्राउंड लूप (अर्थच्या वायरींमधून फिरणारा करंट) किंवा चार्जरमधून झिरपणारा करंट. तीन पिनचा चार्जर आणि ॲम्प दोन वेगळ्या प्लगवर असले की दोघांच्या अर्थमध्ये जरासा फरक पडतो आणि तो करंट तुझ्या ऑडिओ केबलच्या जाळीतून वाहतो, मेन्स 50 हर्ट्झ म्हणून तो घूं. दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घे, अर्ध्या केसेस तिथेच मिटतात. नाही मिटलं तर ग्राउंड लूप आयसोलेटर म्हणून छोटी डबी मिळते, आत दोन बारके ट्रान्सफॉर्मर असतात, स्वस्तातल्या डबीत खालचा बेस थोडा जातो. आणि कोणी सांगेल चार्जरची अर्थची पिन तोडून टाक, तर त्याचं ऐकू नकोस, शॉक लागेल.
डॅकचं म्हणशील तर मित्राला सांग, यूएसबी डॅकने लूप तुटत नाही, यूएसबीच्या वायरमधून अर्थ तसाच पुढे जातो. ऑप्टिकल आउट असलेला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे मध्ये फक्त प्रकाश जातो, पण मग ॲम्पच्या बाजूला पण ऑप्टिकल घेणारा डॅक लागेल. माउस हलवला की चिंऽ चिंऽ येत असेल तर मात्र साधा यूएसबी डॅक खरंच कामाचा.

सोल्डरगन:
+1. केबल आली की विंडोजमध्ये साउंडच्या सेटिंगला जाऊन ऑडिओ एन्हान्समेंट्स ऑफ कर, लॅपटॉपच्या बारक्या स्पीकरसाठी केलेली ती रंगरंगोटी मोठ्या स्पीकरवर भयाण वाटते. लॅपटॉपचा व्हॉल्यूम फुल किंवा जरा कमी ठेव आणि कमी-जास्त ॲम्पवरून कर, उलटं केलंस तर ॲम्प खरखर पण वाढवतो. व्हीएलसी 125 टक्क्यांपर्यंत जातो, तिकडे 100 च्या वर नको, आवाज फाटतो. यूट्यूबच्या गिअरमध्ये स्टेबल व्हॉल्यूम असतं ते बंद कर, मैफिलीत आलाप हळू आणि द्रुत जोरात हाच तर मजा आहे, ते सगळं एका पातळीवर आणून ठेवतं.

माळ्यावरचा_ॲम्प:
रिंगा तीनच निघाल्या! कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन रिंगवाली आणली आणि गाणारा समोर येऊन बसला, आई स्वयंपाकघरातून बाहेर आली ऐकायला. घूं बॅटरीवर पूर्ण जातं, एका बोर्डवर घेतल्यावर बरंच कमी झालं पण रात्री शांततेत अजून जाणवतं. टीव्हीपण याच ॲम्पच्या टेप-इनला लावलाय, त्याचा काही संबंध?

पन्नास_हर्ट्झ:
आहे ना. डिशची किंवा केबलवाल्याची जाड वायर गच्चीवरून स्वतःचा अर्थ घेऊन येते. ती सेटटॉप बॉक्सच्या मागून काढून बघ, घूं थांबलं तर आयसोलेटर लॅपटॉपला नको, टीव्हीच्या ऑडिओ वायरला लाव.