युद्धकाळात पालिकेची नेहमीची कामं थांबवावीत का?

मुरगावकर (धागा)

भारत-पाकिस्तान संघर्षाच्या वेळी ७ मे २०२५ ला नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली, ९ मेला आणीबाणीच्या खरेदीबद्दल केंद्राचं पत्र राज्यांना आलं आणि १० मेला शस्त्रसंधी झाली. त्या चार दिवसांत गोव्यातल्या पालिकांपुढे एक प्रश्न उभा राहिला होता. शस्त्रसंधीनंतर तो कुणी धसास लावला नाही, म्हणून इथे मांडतो. युद्ध चालू असताना मासिक बैठक, निविदा, गटारांची उपसणी, सोपो (बाजारातल्या विक्रेत्यांकडून घ्यायचं शुल्क), घरपट्टी, जन्ममृत्यूची नोंदणी हे सगळं चालू ठेवायचं, की बाजूला सारून सगळी माणसं नागरी संरक्षणाला लावायची?

माझं मत ठाम आहे. नेहमीची कामं एक दिवसही थांबवू नयेत.

आधी गटारं. त्या वर्षी मान्सून केरळात २४ मेला पोचला, नेहमीच्या १ जूनच्या आठ दिवस आधी. म्हणजे शस्त्रसंधी आणि पाऊस यांच्यामध्ये जेमतेम दोन आठवडे. उपसणी मुखाकडून वर न्यायची असते. नाला जिथे नदीला किंवा खाजनाला (भरतीच्या पाण्यालगतच्या सखल जमिनीला) मिळतो ते तोंड आधी मोकळं करायचं, मग वर सरकायचं. उलट केलं तर वरचा गाळ वाहत येऊन तोंडाशी बसतो. हे काम मधेच सोडलं तर अर्ध्या गटारावरची झाकणं काढलेली आणि काठावर ओल्या गाळाचे ढीग अशी स्थिती राहते. गाळ निथळायला एखाद-दोन दिवस ठेवतात, त्यानंतर उचलला नाही तर पहिल्या सरीबरोबर तो परत आत जातो आणि मजुरीचे पैसे पाण्यात. एकदा पांगलेले मजूर मे महिन्यात पुन्हा गोळा होत नाहीत, कारण त्याच दिवसांत घरं शाकारायची कामंही निघालेली असतात.

दुसरा कचरा. मेच्या उकाड्यात ओला कचरा दोन दिवस पडला की रस सुटतो, माश्या होतात. सुका कचरा साठला की ते आगीला तयार जळण. वास्कोसारख्या शहरात, जिथे इंधनाच्या टाक्या आणि बंदर वस्तीला लागून आहेत, तिथे सुक्या कचऱ्याचा ढीग हलवणं हेच मुळात नागरी संरक्षणाचं काम आहे.

तिसरी नोंदणीची खिडकी. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. हल्ल्यात माणसं दगावली तर नुकसानभरपाई, विमा, वारसांचे दावे या सगळ्याची सुरुवात त्या दाखल्यापासून होते. युद्धात ती खिडकी बंद ठेवणं म्हणजे ज्यांचं सगळं गेलं त्यांनाच रांगेत उभं ठेवणं.

बैठक घ्यावी, पण सकाळी दहाला, म्हणजे दिवेबंदीच्या आत सगळे घरी पोचतील. विषय मोजकेच ठेवावेत. डिझेल, मजुरांची हजेरी आणि पगार, उपसणीची प्रगती, कचऱ्याच्या फेऱ्या, आणि सहीचे अधिकार कुणाकडे ते. बाकी बांधकाम परवाने आणि नामकरणं पुढच्या महिन्यात.

अंत्रुजकर

मुरगावकरबाब, तुमची गटारं मान्य, पण निष्कर्ष अजिबात मान्य नाही. तुम्ही 'नेहमीची कामं' म्हणता त्यात कामापेक्षा पद्धत जास्त आहे, आणि ती पद्धतच युद्धात घातक ठरते.

९ मेच्या पत्राने ज्याची आठवण करून दिली तो १९६८ च्या नागरी संरक्षण नियमांतला नियम ११ बघा. राज्य सरकारने नागरी संरक्षणाबाबत निर्देश दिला की स्थानिक संस्थेने तो पाळायचा, त्याचा खर्च संस्थेच्या निधीतून करता येतो, आणि बाकी सगळ्या कर्तव्यांपेक्षा त्याला अग्रक्रम द्यायचा. ही तरतूद असताना पालिका मंडळ डिझेलवर चर्चा करत बसणार असेल तर अर्थ काय?

एक सायरन घ्यायचा म्हटलं तर अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, तीन दरपत्रकं, तुलनात्मक तक्ता, मंडळाचा ठराव, कार्यादेश. शांततेत यात महिना सहज जातो. आणि मोटरचा मोठा सायरन घेऊन भागत नाही. त्याला थ्री-फेज वीज लागते. फीडर (त्या भागाची वीजवाहिनी) बंद झाला की सायरन मुका. म्हणून त्याच्या जोडीला प्रत्येक वाड्यावर हाताने फिरवायचा सायरन हवा. आपल्या डोंगराळ भागात आवाज टेकडीपलीकडे जात नाही, हे तालमीत नव्हे तर खरेदीच्या आधी ठरवायचं असतं.

आगीच्या बादल्यांचंही तसंच. नऊ लिटरची बादली प्रमाण मानली जाते. तीत कोरडी, चाळलेली वाळू हवी. किनाऱ्यावरची उचलून भरली तर खारी वाळू ओल धरते, तिचा गोळा होतो आणि पत्र्याची बादली बुडाकडून गंजते. अशा साध्या गोष्टींसाठी अभियंता आणि स्वच्छता निरीक्षक मोकळे हवेत. बैठकीच्या दिवशी ते कागद जुळवत बसतात.

म्हणून माझं म्हणणं, युद्धकाळात बैठका स्थगित कराव्यात. मुख्याधिकारी आणि नगराध्यक्षांनी तातडीचे निर्णय घ्यावेत आणि पुढे कार्योत्तर मंजुरी घ्यावी.

मुरगावकर

नियम ११ तुम्ही अर्धाच वाचून दाखवलात. त्यात हल्ल्याच्या वेळी जीवित-मालमत्तेच्या संरक्षणाबरोबर अत्यावश्यक सेवा सुरळीत ठेवण्याचाही उल्लेख आहे. कचरा आणि सांडपाणी त्यातून कसं वगळणार? दुसरं, हा अग्रक्रम निर्देशानंतरचा आहे. राज्याचा निर्देश आला नसेल तर पालिकेने आपणहून बाकीची कामं टाकायला तिथे आधार नाही. तिसरी गोष्ट तुम्ही स्वतःच सांगितलीत, पैसा पालिकेच्याच निधीतून जातो. तो निधी येतो घरपट्टी आणि सोपोतून. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) अनुदानाचा बांधील हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच होता, त्यातून सायरन आला नसता. मग वसुली थांबवून सायरन कशाने घ्यायचा?

कार्योत्तर मंजुरीला माझा विरोध नाही. पण ती द्यायलाही बैठकच लागते. बैठक तीन महिने झालीच नाही तर लेखापरीक्षणात प्रत्येक बिलावर आक्षेप येतो आणि ठेकेदाराचे पैसे अडकतात. पैसे अडकलेला ठेकेदार पुढच्या आणीबाणीला येत नाही.

साखळीकर

दोघेही कायद्यावर भांडताय. खरी गाठ दिवेबंदीत आहे, कारण तिथे नेहमीचं काम आणि युद्धाचं काम एकमेकांना आडवं येतं.

दिवेबंदी म्हणजे वीजबंदी नव्हे, हे आधी डोक्यात पक्कं बसवायला हवं. फीडर बंद केला की दिवे जातात, पण त्याबरोबर पाण्याचे पंप, लसींचे शीतकपाट, लिफ्ट आणि अंत्रुजकर म्हणतात तो सायरनही जातो. आमच्या साखळीच्या बाजारपेठेला वाळवंटी नदीच्या पुराचा धोका असतो. बाजारात साठलेलं पाणी उपसून नदीत टाकावं लागतं. पंप विजेवर असेल आणि भर पावसात दिवेबंदी म्हणून फीडर पाडला, तर तासाभरात दुकानांत पाणी. म्हणून दिवे विझवायचे, वीज तोडायची नाही.

दिवे विझवायचे कोणी? आपल्याकडे पथदिव्यांची देखभाल वीज खात्याकडे. पालिकेच्या हातात राहतात बाजार, बसस्थानक, बागा, स्मशान आणि स्वतःच्या इमारती. यातली सगळ्यात मोठी अडचण सौरदिव्यांची आहे. प्रत्येक खांबावर वेगळी बॅटरी, वेगळा सेन्सर. अंधार पडला की तो आपोआप पेटतो, मध्यवर्ती बटणच नाही. त्यावर दोनच उपाय. पेटीतली बॅटरीची जोडणी सोडवून ठेवायची, किंवा दिव्यावर जाड काळं कापड घट्ट बांधायचं. दोन्हीला शिडी आणि दोन माणसं लागतात. म्हणजे यादी आधी हवी, कुठल्या वाड्यावर किती खांब, कुठल्या पेटीला कुलूप, किल्ली कुणाकडे. जाहिरात फलकांचंही तेच, त्यांना बऱ्याचदा स्वतःची बॅटरी किंवा जनित्र असतं. परवाना देतानाच 'सूचना मिळताच बंद करणे' ही अट घालता येते. असा परवाना देणं हे पालिकेचं रोजचंच काम आहे की नाही?

आता गटारं. मुरगावकर म्हणतात उपसणी चालू ठेवा. जरूर ठेवा, पण झाकण काढलेलं गटार आणि दिवेबंदी एकत्र आली तर बॉम्बशिवाय माणसं जखमी होतील. म्हणून युद्धकाळात एका वेळी संध्याकाळी पाचच्या आत बंद करता येईल इतकंच गटार उघडायचं. लांबच्या लांब पट्टा एकदम उघडायची सवय सोडायची. जिथे झाकण फुटलंय तिथे दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे मारायचे. खांब, झाडांची खोडं, पुलाचे कठडे, रस्त्याची कड, सगळ्याला. नुसता चुना पहिल्या पावसात जातो. त्यात डिंक घालून दोन हात द्यायचे किंवा सरळ ऑइलपेंट वापरायचा. दुसऱ्या महायुद्धात दिवेबंदीच्या शहरांत हाच उपाय केला होता, अजून त्याहून स्वस्त काही नाही.

सायरनचे सूर लोकांना ठाऊक हवेत. खालीवर होणारा सूर दोन मिनिटं म्हणजे धोका, एकसारखा सूर दोन मिनिटं म्हणजे धोका टळला. कचरागाडीच्या भोंग्यावर ही माहिती रोज सकाळी देता येते. गाडी घरोघर जातेच. गाडीच बंद ठेवली तर ही वाटही गेली.

अंत्रुजकर

सौरदिव्यांचा मुद्दा बिनतोड. पण साखळीकर, तुमच्याच मांडणीतून माझं म्हणणं सिद्ध होतं. शिडी आणि दोन माणसं कुठून आणणार? तीच माणसं गटारात आहेत. दिवस मावळायच्या आत सगळे खांब झाकायचे तर दुपारी तीनपासून माणसं खांबांवर हवीत, आणि तुम्ही पाचपर्यंत झाकणं बंद करायला सांगताय. दोन्ही एकाच तुकडीकडून होणार नाही. कुठेतरी अग्रक्रम लावावाच लागेल.

काणकोणकर

माणसांचा हिशेब कुणीच नीट मांडला नाही, म्हणून लिहितोय.

छोट्या पालिकेत मुख्याधिकारी हा सरकारचा अधिकारी असतो आणि बऱ्याचदा त्याच्याकडे दुसरा कार्यभारही असतो. युद्धात जिल्हाधिकारी त्याला नियंत्रण कक्षात बोलावतात. त्या दिवसापासून पालिकेत सही करायला कुणी नाही. डिझेलचं बिल अडतं, पंपवाला उधारी बंद करतो, कचरागाड्या उभ्या राहतात. इथे ना अंत्रुजकरांचा अग्रक्रम कामाला येतो, ना मुरगावकरांची बैठक. पंचायतीत तर आणखी कठीण. तिथे सरपंच आणि सचिव दोघांच्या सह्या लागतात, आणि कधी कधी एकच सचिव दोन पंचायती सांभाळतो.

यावर उपाय शांततेतच करायचा आहे. मुख्याधिकाऱ्याच्या गैरहजेरीत सही कुणी करायची, किती रकमेपर्यंत करायची आणि कुठल्या बाबींसाठी करायची, हे लेखी मागून घ्यायचं आणि बँकेत नमुना सही आधीच द्यायची. बँकेला नुसता ठराव दाखवून पैसे मिळत नाहीत.

डिझेल साठवायचं तर त्यालाही मर्यादा आहे. विनापरवाना २,५०० लिटरपर्यंत ठेवता येतं, आणि कुठलंही एक भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं असता कामा नये. साडेबासष्ट केव्हीएचं जनित्र पाऊण भारावर तासाला साधारण १२-१३ लिटर पितं, म्हणजे २०० लिटरचं एक पिंप जेमतेम पंधरा तास. पिंपं इमारतीच्या जिन्याखाली ठेवलेली दिसतात, ते सगळ्यात वाईट. सावलीत, उघड्यावर, सांडलेलं डिझेल गटारात जाणार नाही अशी कड बांधून ठेवावीत. दर तीन महिन्यांनी जुनं वापरून नवं भरावं, पावसाळ्यात झाकणातून पाणी जातं आणि ते तळाशी बसून इंजिन बंद पाडतं.

माणसांबद्दल अंत्रुजकर बरोबर आहेत, एक तुकडी दोन कामं करणार नाही. पण उत्तर गटारातली माणसं काढणं हे नाही. खांब झाकायला आपदा मित्र (आपत्तीत मदतीसाठी प्रशिक्षण दिलेले स्वयंसेवक) आणि नागरी संरक्षणाचे स्वयंसेवक वापरता येतात. गाळ उपसायला ते येणार नाहीत आणि आणूही नयेत, ते काम सरावाचं आहे.

म्हापसेकर

एक विषय राहिला, बाजार. मे म्हणजे पुरुमेंताचा काळ. सुकी मासळी, मिरच्या, कोकम, चिंच, कांदे, लोक चार महिन्यांची बेगमी करतात. युद्धात गर्दी नको म्हणून हा बाजार बंद करा असं म्हणणारे भेटतात. मला ते पूर्ण चुकीचं वाटतं. बाजार बंद केला की तीच माणसं दोन दिवसांत किराणा दुकानांवर तुटून पडतात, साठेबाजी होते आणि भाव चढतात. गर्दी टाळायची तर बाजार पसरवा. दुकानांच्या दोन रांगांमध्ये बंबाला जायला चार मीटर मोकळे ठेवा, सोपो गोळा करणाऱ्यालाच ती रेषा राखायची जबाबदारी द्या आणि साडेपाचला बाजार उठवा. ताडपत्र्या एकमेकींना बांधू देऊ नका, एकीला आग लागली तर सगळी रांग जाते.

अंत्रुजकर

बाजाराबाबत सहमत. डिझेल आणि सहीबाबत काणकोणकरांशीही सहमत. पण बैठकीबाबत माझं मत बदललेलं नाही. जानेवारी २०१८ मध्ये वास्कोजवळच्या चिखलीत अमोनियाचा टँकर उलटला तेव्हा लोकांना घरांतून बाहेर काढावं लागलं होतं. तिथे युद्ध नव्हतं, एकच टँकर होता. वारा कुठल्या दिशेला आहे, लोकांना वाऱ्याला आडवं कुठल्या वाटेने न्यायचं, कुठली शाळा उघडायची, हे निर्णय मिनिटांत घ्यायचे असतात. हल्ल्यात असं दोन-तीन ठिकाणी एकदम झालं तर मंडळाचं अस्तित्व फक्त अडथळा ठरेल.

मुरगावकर

त्या मिनिटांचे निर्णय मंडळाने घ्यावेत असं इथे कुणीच म्हटलेलं नाही. पण कुठली शाळा उघडायची हे ठरवायला तिच्या किल्ल्या कुणाकडे, टाकीत पाणी किती, संडास किती, हे आधी माहीत हवं. ती यादी प्रभागवार नगरसेवकांकडूनच येते, आणि ती दर महिन्याला बैठकीत तपासली नाही तर वर्षभरात जुनी होते. मुख्याध्यापक बदलतात, किल्ली दुसऱ्याकडे जाते. तुम्ही बैठक बंद करा म्हणता, मी म्हणतो तिच्या कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय कायमचा पहिला घाला, युद्ध असो वा नसो.

साखळीकर

त्या यादीत एक रकाना वाढवा. शाळेचं जनित्र कुठल्या मजल्यावर आहे. आमच्याकडे तळमजल्यावरची जनित्रं पुरात आधी बुडतात.