मदत हवी आहे: श्वास सोडून काढायचा सीटी स्कॅन कोल्हापुरात कुठे होतो?

आईला जुना दमा आहे, वय ५८. इनहेलर नियमित चालू आहेत, ओढायची पद्धतही डॉक्टरांनी समोर बसवून तपासली, तरी धाप कमी नाही. स्पायरोमेट्री (फुंकून करायची श्वासाची तपासणी) झाली, एक्स-रेमध्ये काही नाही. रक्तातलं एकूण आयजीई (अ‍ॅलर्जीत वाढणारं प्रतिपिंड) १००० च्या वर आलं, त्यामुळे अ‍ॅस्परजिलस बुरशीच्या अ‍ॅलर्जीची शंका आहे आणि छातीचा एचआरसीटी (फुफ्फुसं बारकाईने दाखवणारा सीटी स्कॅन) सांगितलाय.

चिठ्ठीत स्पष्ट लिहिलंय: श्वास पूर्ण भरून आणि पूर्ण सोडून, दोन्ही वेळा. भरलेल्या श्वासात श्वासनळ्यांच्या भिंतींची जाडी, रुंदावलेल्या नळ्या, अडकलेला कफ दिसतो. हवा कुठे कोंडून राहते ते मात्र सोडलेल्या श्वासातच नीट कळतं.

राजारामपुरी, शाहूपुरीत फोन केले. "एचआरसीटी होतो की" एवढंच उत्तर. एकाने तर "श्वास सोडून कशाला?" असं मलाच विचारलं!

कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं औषध, स्कॅन उठून दिसावा म्हणून) लागणार नाही. सांगली-मिरजेपर्यंत जाऊ, पुण्याचा प्रवास तिला झेपणार नाही. औषधांचे सल्ले नकोत, ते डॉक्टर बघतायत.

दोन्ही श्वासांतला स्कॅन इकडे कुणी करून घेतलाय का, कुठे? आणि श्वास सोडून थांबताना खोकल्याची उबळ आली तर तिथले टेक्निशियन आधी सराव करून घेतात का?