वाघूरच्या पाण्यासाठी पॅडलबोर्ड: ९४ किलोच्या माणसाने कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी, मी जळगावचा. डिसेंबरात गोव्याला पहिल्यांदा पॅडलबोर्डवर (उभं राहून वल्हवायची तरंगती फळी) उभा राहिलो आणि खूळच लागलं. वजन ९४ किलो (भरीत-पुरीला नाही म्हणवत नाही). एकाच बोर्डवर ६२ किलोचा मेहुणा निवांत उभा. मी चढलो की बोर्ड मधोमध दबायचा, तळवे ओले, पुढच्या मिनिटाला मी पाण्यात.

आता स्वतःचा घ्यायचाय. वापर वाघूर नाहीतर हतनूर धरणाच्या संथ पाण्यात. (परवानगीचं जलसंपदा विभागाकडे विचारतोय, ते इथे नको.) कधी पुढे लेक बसेल, २१ किलो.

आत थर्माकोल, वरून फायबरग्लास-इपॉक्सी असा कडक बोर्ड पाण्यावर छान सरकतो, कबूल. पण साडेदहा फुटांचं धूड दुसऱ्या मजल्यावर ठेवू कुठे? म्हणून हवा भरायचाच. दोन पाहिलेत:

साडेदहा फुटी, गोल नाकाचा, ३२ इंच रुंद, ६ इंच जाड. विक्रेता म्हणतो "१५० किलोपर्यंत चालेल". चालेल म्हणजे बुडणार नाही, की उभंही राहता येईल?

साडेबारा फुटी, टोकदार नाकाचा, ३० इंच रुंद. दिसतो झकास.

आणि आपल्याकडचा मे महिना त्याला सोसेल का?

प्रतिसाद:
भाऊ, टोकदार सरळ आणि लांब जातो, पण ३० इंचांवर तुम्ही पोहायलाच शिकाल. गोल नाकाचाच घ्या, ३४ इंची मिळाला तर उत्तम.

१५० किलो म्हणजे तरंगेल एवढंच धरा. बोर्डाचं आकारमान किती लीटर, ते विचारा. तुम्ही, लेक, जॅकेटं मिळून १२० किलो. नवशिक्याला त्याच्या दुप्पट लीटर तरी हवेत. ६ इंची बोर्डात ते बहुतेक निघतात, खरी गोम वाकण्यात आहे. वरचा-खालचा थर आत हजारो धाग्यांनी बांधलेला असतो, म्हणून १५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरली की फळी होते. एकेरी पीव्हीसीचा स्वस्त बोर्ड तुमच्याखाली झोळी होईल, दुहेरी थराचा बघा. हातपंपाने शेवटचे चार-पाच पीएसआय भरताना जीव जातो. तिथे आळस केलात तर पुन्हा गोवा.

उन्हाचं म्हणाल, तर सकाळी २५ अंशांना १५ भरलेला बोर्ड काठावर तापून ५५ अंशांवर गेला की आत १८ च्या आसपास दाब होतो. शिवण तिथेच सुटते. पाण्याबाहेर काढला की सावलीत ठेवा नाहीतर थोडी हवा सोडा. पाणी ओसरल्यावर काठाला शेवाळ असतं, तेव्हा मागे झुकलेला आखूड फिन (बोर्डाखालचा पंख) लावा.

धागाकर्ता:
आभार! आणि वल्हं केवढं घेऊ?

प्रतिसाद:
डोक्यावर वीतभर. पात्याचा कल पुढे, नवखे हमखास उलटं धरतात. जॅकेट आणि पाय बोर्डाला बांधणारी दोरी दोघांनाही.

धागाकर्ता:
३४ इंची, दुहेरी थराचा शोधतो. बायकोने धागा वाचला. 'झोळी' शब्दावर अजून हसतेय.